माफी न मिळालेला साथीदार: स्कार बाजू बदलतो ती नेमकी कशी

ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांत, खलनायक हिरोच्या बाजूला येणं यात नवल राहिलेलं नाही. 'ड्रॅगन बॉल झी' टीव्हीवर बघत मोठ्या झालेल्या पिढीने पिकोलो आणि व्हेजिटा गोकूच्या जिवावर उठलेले पाहिले, आणि पुढे पिकोलोला गोकूच्याच पोराला वाढवतानाही पाहिलं. जपानीत यासाठी म्हणच आहे: 'किनो नो तेकी वा क्यो नो तोमो', म्हणजे कालचा शत्रू तो आजचा दोस्त. पोरांच्या मासिकांतल्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, या म्हणीवर वर्षानुवर्षं चालल्या आहेत.

पण असा बदल दाखवणं सोपं आणि पटवणं अवघड. ज्याने चार भागांपूर्वी माणसं मारली तो आज हिरोसोबत जेवायला बसला की बघणाऱ्याच्या मनात खुट्ट होतं. मेलेल्यांचं काय? त्यांच्या घरच्यांनी काय करायचं? बहुतेक मालिका हा प्रश्न संगीताचा आवाज वाढवून दाबून टाकतात. 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' तो दाबत नाही. त्यातला स्कार हा खलनायक साथीदार कसा होतो, हे इथे सुटं करून बघायचं आहे. पुढे अख्खी गोष्ट फोडली आहे, त्यामुळे मालिका बघायची राहिली असेल तर आधी ती बघा, लेख कुठे जात नाही.

आधी नावांचा घोळ मिटवू. हिरोमु अराकावा यांची मूळ मांगा 'मंथली शोनेन गानगान' या मासिकात २००१ ते २०१० अशी चालली, एकूण २७ खंड. तिच्यावर ॲनिमे दोन निघाले, दोन्ही बोन्स स्टुडिओचे. पहिला २००३-०४ चा, ५१ भागांचा. तेव्हा मांगा अर्धीही झाली नव्हती, म्हणून तो पुढे आपल्या वाटेने गेला. दुसरा 'ब्रदरहूड', २००९-१० चा, ६४ भागांचा, मांगाला धरून चालणारा. दोन्हींत स्कार आहे, पण दोघांचं नशीब वेगळं. इथे मुख्यतः 'ब्रदरहूड'मधला स्कार घेतला आहे. २००३ चा मध्ये एकदा येईल, कारण एकच धागा बदलला की सगळं वळण कसं बदलतं ते त्यातून छान दिसतं.

राग कुठून आला

अमेस्ट्रिस नावाचा लष्करी देश. त्याच्या पूर्वेला इश्वल हा वाळवंटी प्रांत, गिळंकृत केलेला. तिथले लोक सावळे, लाल डोळ्यांचे, इश्वला या देवाला मानणारे. (आपल्या कानाला 'ईश्वर' ऐकू येतं, पण त्यावर इमले बांधायला नकोत.) १९०१ मध्ये एका अमेस्ट्रिस सैनिकाने इश्वली पोराला गोळी घातली आणि दंगा पेटला. ७ वर्षं तो विझेना. १९०८ मध्ये सरकारने हुकूम क्रमांक ३०६६ काढला आणि सरकारी किमयागार रणात उतरवले. किमयागार म्हणजे अल्केमिस्ट. चुटकीसरशी आग, स्फोट, भिंती उभ्या करणारे. एकेक माणूस तोफखान्याइतका. इश्वल बेचिराख झालं.

स्कार हा त्या प्रांतातला लढवय्या साधू. त्याचा थोरला भाऊ मात्र अभ्यासू, लोकांच्या शिव्या खात किमया शिकणारा. इश्वली धर्मात किमया निषिद्ध आहे: देवाने जे जसं घडवलं ते मोडून दुसरं काही करणं हा त्यांच्या लेखी देवाचा अपमान. किम्ब्ली नावाच्या स्फोटवाल्या किमयागाराने हल्ला केला तेव्हा धाकट्याचा उजवा हात गेला. थोरल्याने मरता मरता स्वतःचा, गोंदणाने भरलेला उजवा हात किमयेने धाकट्याला जोडला.

शुद्ध आली तेव्हा स्कार एका दवाखान्यात होता. समोर अमेस्ट्रिसचे दोन डॉक्टर, रॉकबेल पती-पत्नी. लढाईच्या मध्यात राहून दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार करणारी माणसं. स्कारने स्वतःच्या खांद्याला भावाचा हात पाहिला, समोर शत्रूच्या वंशाचे चेहरे पाहिले, आणि ज्यांनी त्याला वाचवलं त्यांनाच मारून टाकलं.

हा प्रसंग नीट लक्षात ठेवा. स्कारने पुढे मारलेले किमयागार हे युद्धातले गुन्हेगार तरी होते, निदान त्याच्या हिशोबात. डॉक्टर कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. अराकावांनी मुद्दाम असा गुन्हा ठेवला आहे जो कुठल्याही बाजूने बघितला तरी गुन्हाच राहतो. या डॉक्टरांची मुलगी विन्री ही हिरो एडवर्ड एल्रिकची बालमैत्रीण आणि त्याचा लोखंडी हात बनवणारी कारागीर.

अराकावा स्वतः होक्काइदोच्या, दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकरी घरातल्या. होक्काइदो ही मुळात आयनू लोकांची भूमी; मेईजी काळात मुख्य जपानातून वसाहती आल्या आणि आयनूंच्या जमिनी, भाषा, रीती दाबल्या गेल्या. हे माहीत असलं की इश्वलची गोष्ट नुसती कल्पनेतली वाटत नाही.

मोडणारा हात

स्कारची ताकद कशी चालते हे कळल्याशिवाय त्याचं वळणही कळत नाही, कारण लेखिकेने दोन्ही एकाच खिळ्याला टांगलं आहे.

या जगातल्या किमयेला तीन पायऱ्या आहेत. आधी वस्तू कशाची बनली आहे ते समजून घ्यायचं. मग ती मोडायची. मग त्याच ऐवजातून नवीन घडवायचं. एडवर्ड रस्त्याच्या फरशीतून भाला काढतो तेव्हा तिन्ही पायऱ्या क्षणात पार होतात. स्कार दुसऱ्या पायरीवर थांबतो. त्याच्या उजव्या हातावरच्या गोंदणात समजून घेण्याचं आणि मोडण्याचं वर्तुळ आहे, घडवण्याचं नाही. तो पंजा लावतो, समोरचं आतून फुटतं. लोखंड असो, भिंत असो, डोकं असो.

यातून दोन गोष्टी आपोआप येतात. एक, तो किमया वापरूनही स्वतःची समजूत घालू शकतो की आपण देवाची रचना बदलत नाही, पाप्याला नुसतं संपवतो. ही पळवाट आहे आणि ती त्याला ठाऊक असावी. दोन, त्याला स्पर्श करावाच लागतो. लांबून काही करता येत नाही. म्हणजे तो जबर आहे पण मर्यादित आहे, आणि ही मर्यादा पहिल्या दिवसापासून आहे. हा मुद्दा पुढे बाजू बदलल्यावर कामी येतो.

पहिल्या भेटीतच ठेवलेले दोन खडे

४ थ्या भागात स्कार शौ टकर या किमयागाराला मारतो. टकरने स्वतःच्या लहान मुलीला, नीनाला, कुत्र्यासोबत एकत्र करून एक प्राणी बनवलेला असतो. स्कार त्या प्राण्यालाही मारतो, पण आधी त्याच्याकडे बघतो, आता सुटका दुसरी नाही हे ओळखतो, आणि मग प्रार्थना करतो. बघणारा हबकतो, पण त्याच वेळी मनात कुठेतरी येतं की दुसरं करण्यासारखं काय होतं?

लगेच ५ व्या भागात पाऊस. स्कार एडवर्डचा लोखंडी उजवा हात फोडतो, भाऊ अल्फॉन्सच्या पोकळ चिलखताला भगदाड पाडतो. एड गुडघ्यावर येतो आणि विचारतो, मी मेलो तर भावाला सोडशील का? स्कार शब्द देतो. त्या शब्दावर एडचाही विश्वास बसतो आणि आपलाही.

हे दोन खडे मागे टाकलेले आहेत: हा माणूस निर्दय असला तरी क्रूरपणाची मजा घेत नाही, आणि शब्द पाळतो. पुढे वळण घेताना परत येण्याची वाट याच खड्यांनी सापडते. जे लेखक खलनायकाला आधी मजेखातर माणसं मारताना दाखवतात आणि मग वळवतात, त्यांच्याकडे असा एकही खडा नसतो. मग शेवटी 'लहानपणी त्याच्यावर अन्याय झाला होता' असं जोडपत्र लावावं लागतं. किम्ब्ली बघा: स्फोटाच्या आवाजावर त्याचं प्रेम आहे, म्हणून त्याला वळवण्याचा प्रयत्नही अराकावा करत नाहीत. तो शेवटपर्यंत स्वतःच्या तत्त्वाशी प्रामाणिक राहतो आणि तसाच जातो.

समान मोबदला, आणि न बसणारा हिशोब

या मालिकेचा पाया एका नियमावर आहे: काही मिळवायचं तर तितक्याच मोलाचं काही द्यावं लागतं. आणि त्या नियमाला एक अपवादही पहिल्याच भागांत कळतो: मेलेलं माणूस परत येत नाही. एड आणि अलने आईला परत आणायचा प्रयत्न केला. एकाचा पाय गेला आणि दुसऱ्याचं अख्खं शरीर, मग भावाचा आत्मा चिलखतात बांधून ठेवण्यासाठी एडचा हातही गेला. एवढं देऊनही आई आली नाही.

आता हाच नियम स्कारला लावा. दोन डॉक्टरांचा मोबदला काय? नाहीच. 'ड्रॅगन बॉल'मध्ये सात गोळे गोळा केले की मेलेली माणसं उठून बसतात, त्यामुळे तिथे खलनायकाचं खातं मधूनमधून कोरं होत राहतं. इथे ते होऊच शकत नाही. विन्रीचे आईबाप गेले ते गेले. म्हणून स्कारचं कर्ज फिटेल अशा रीतीने गोष्ट लिहिताच येत नाही, आणि अराकावा तसा प्रयत्नही करत नाहीत. त्या विचारतात ते वेगळंच: कर्ज फिटणार नसेल तर ऋणको आणि धनको एका गाडीतून पुढे जाऊ शकतात का?

आपल्याकडच्या वाल्याच्या गोष्टीशी लावून बघितलं तर फरक दिसतो. वाल्याला विचारलेला प्रश्न पापाच्या वाटेकऱ्यांचा होता, आणि प्रायश्चित्त त्याने वारुळात बसून एकट्याने केलं. ज्यांना लुटलं त्यांच्यापैकी कोणी गोष्टीत परत येत नाही. स्कारच्या गोष्टीत लुटलेली पोरगी परत येते, तीही दोनदा.

पहिली भेट: बंदूक

२२-२३ व्या भागांत एड आणि अल स्कारशी भांडत असतात आणि बोलता बोलता रॉकबेलांचं नाव निघतं. विन्री मागे उभी असते. तिला तेव्हाच कळतं की आईबापांचा खुनी हा. जमिनीवर पडलेलं पिस्तूल ती उचलते.

स्कार दयेची भीक मागत नाही, सबबही सांगत नाही. तुला मला मारण्याचा हक्क आहे, असं तो सांगतो. फक्त गोळी घातलीस तर तूही माझी शत्रू. एड मध्ये उभा राहतो. तिच्या हातातून पिस्तूल काढून घेतो आणि तिचे हात माणसं मारण्यासाठी नाहीत, वाचवण्यासाठी आहेत असं सांगतो. खरंच ते हात लोखंडी हातपाय बनवणारे आहेत.

बारकाईने बघा: इथे कोणी कोणाला माफ केलेलं नाही. विन्री रडते आणि गोळी झाडत नाही, इतकंच. स्कारही बदललेला नाही. तिथून निसटतो आणि पुढे आपल्या वाटेला लागतो. घाईचा लेखक असता तर याच प्रसंगात स्कारला गुडघ्यावर आणलं असतं, एक आसू टपकवला असता आणि पुढच्या भागात त्याला टोळीत घेतलं असतं. ५ व्या भागातल्या पावसापासून खऱ्या वळणापर्यंत अराकावा साधारण ३३ भाग घेतात. एक भाग सुमारे २४ मिनिटांचा, म्हणजे १३ तास.

मधली सोबत

त्या १३ तासांत स्कार एकटा नसतो, आणि हे फार महत्त्वाचं. त्याच्याभोवती अशी माणसं जमतात ज्यांना त्याच्या भूतकाळाशी देणंघेणं नाही किंवा स्वतःचाच भूतकाळ काळा आहे. मे चँग ही शिंग देशाची लहान राजकन्या, पांडा घेऊन फिरणारी. योकी हा बढाईखोर माजी अधिकारी, विनोदासाठी ठेवलेला. आणि डॉक्टर मार्को.

मार्को हा इश्वली कैद्यांना मारून पारसमणी बनवणारा माणूस. होमन्क्युलसांनी, म्हणजे किमयेने घडवलेल्या माणसासारख्या दिसणाऱ्या राक्षसांनी, त्याला कोठडीत डांबलेलं असतं. तिथे स्कार पोचतो. समोर वंशसंहारातला थेट गुन्हेगार, आणि तोही म्हणतो, मार मला. सूडाला याहून सोपी संधी नाही. स्कार मारत नाही. त्याला आधी सगळं ऐकायचं असतं. मग ओळख लपवण्यासाठी मार्कोचा चेहरा बिघडवून टाकतो आणि त्याला सोबत घेऊन उत्तरेकडे निघतो. तोच मोडणारा हात, पण पहिल्यांदा कोणाला वाचवण्यासाठी वापरलेला.

आमच्या मते स्कारचं वळण इथे सुरू होतं, बर्फातल्या प्रसिद्ध प्रसंगात नाही. फरक असा: आधी त्याला 'कोण' एवढंच हवं होतं, कोणाला मारायचं. आता त्याला 'कसं घडलं' हे हवं आहे. किमयेची पहिली पायरी समजून घेण्याची आहे, हे आठवा.

आणि जे कळतं ते हादरवणारं असतं. १९०१ मध्ये पोराला गोळी घालणारा सैनिक सैनिक नव्हताच. तो रूप बदलणारा होमन्क्युलस एन्व्ही होता. अख्खं युद्ध मुद्दाम पेटवलेलं, देशाच्या आकाराचं एक वर्तुळ रक्ताने पुरं करण्यासाठी.

इथे एक मोठा सापळा आहे आणि बऱ्याच मालिका त्यात पडतात. 'खरा गुन्हेगार वेगळाच होता' म्हटलं की सगळे लहान गुन्हेगार धुऊन निघतात. सैनिकांनी काय केलं? हुकूम पाळला. हुकूम कोणी दिला? राक्षसाने. चला, सगळे निर्दोष. अराकावा हे दार घट्ट लावून घेतात. ३० व्या भागात, जो पूर्ण युद्धावर आहे, आग पेटवणारा सरकारी किमयागार मस्टँग आणि त्याची सहकारी नेमबाज हॉकआय या 'चांगल्या' बाजूच्या लोकांनी इश्वलमध्ये काय केलं ते दाखवलं आहे. आणि सत्ता हाती आली तर त्याच कायद्याने आपल्यावरही खटला चालेल, हे ते दोघं धरून चालतात. एन्व्हीने काडी लावली, पण जाळलं ते माणसांनीच. त्यामुळे स्कार जेव्हा या लोकांच्या बाजूला जातो तेव्हा तो निर्दोष लोकांच्या टोळीत जात नाही. तिथे सगळ्यांचेच हात रंगलेले आहेत. एकटा पापी आणि सगळे पुण्यवान असं असतं तर त्याचं सामील होणं म्हणजे शरणागती झाली असती.

दुसरी भेट: पट्टी

३८-३९ व्या भागांच्या आसपास बास्कूल या ओसाड खाणगावात स्कार पकडला जातो. एड आणि अल हे एल्रिक बंधू त्याला जखडतात. ब्रिग्स किल्ल्याचा मेजर माइल्स तिथे आहे. माइल्सचे आजोबा इश्वली; गॉगल काढला की त्याचेही डोळे लाल. तो सैन्यातच आहे आणि आत राहून सैन्याची नजर बदलायची असं त्याने ठरवलं आहे. स्कारला प्रथमच असा इश्वली भेटतो जो त्याच जखमेतून वेगळ्या निष्कर्षाला पोचला. तो सौम्य माणूस नाही, वेळ आली असती तर त्याने स्कारला तिथेच संपवलं असतं.

विन्री येते. स्कारच्या अंगातून रक्त वाहत असतं. ती पट्टी बांधते. आईबाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं, एवढंच तिचं कारण. तो विचारतो, मला माफ केलंस? ती म्हणते, गैरसमज करून घेऊ नकोस.

तिच्या वाक्यातला जपानी शब्द 'रिफुजिन' आहे: ज्याला ना न्याय ना कारण असं कृत्य. ते मी माफ केलेलं नाही, असं ती सांगते. आणि याच शब्दाचा दोर मागे स्कारच्या गुरूपर्यंत जातो. गुरूची शिकवण अशी की अशा कृत्याला माफी द्यायची नाही, माणूस म्हणून त्याची चीड यायलाच हवी. पण सोसायचं, द्वेषाची साखळी कुठेतरी तुटली पाहिजे. स्कारने ते ऐकलं होतं आणि झिडकारलं होतं. ज्या पोरीचे आईबाप त्याने मारले ती, गुरूला कधीही न भेटता, तेच करून दाखवते.

मराठीत आपण 'माफ करणं', 'विसरणं', 'सोडून देणं' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. या प्रसंगात ते वेगळे ठेवावे लागतात. राग शाबूत आहे. खातं उघडं आहे. फक्त हात आवरलेला आहे, आणि त्या आवरलेल्या हाताने ती पट्टी बांधते.

लगेच कथेला काम लागतं: किम्ब्ली विन्रीला ओलीस धरून एडकडून कामं करून घेत असतो. त्यावर तोडगा विन्रीच सुचवते. स्कारने मला पळवून नेल्याचं नाटक करू. म्हणजे आईबापांच्या खुन्यासोबत बर्फातून चालत जायला ती स्वतः तयार होते. स्कारच्या बाजूने हा विश्वासाचा पहिला व्यवहार, आणि तो भाषणातून होत नाही, कामातून होतो.

त्याची गरज काय होती

खलनायकाला घेऊन करायचं काय, याचं उत्तर कथेत नसेल तर वळण कितीही सुंदर असो, तो पुढे अडगळीत पडतो. स्कारपाशी दोन गोष्टी आहेत ज्या दुसऱ्या कोणाकडे नाहीत.

एक म्हणजे भावाचं टिपण. थोरल्याने अमेस्ट्रिसची किमया आणि शिंगची विद्या एकत्र केली होती. वहीत सोनं आणि अमरत्व यांसाठीचे शब्द खच्चून भरलेले. उत्तरेत सगळे मिळून ते सोडवतात: पानं सुटी करायची, सारखे शब्द एकमेकांवर आणायचे, रेषा जुळवायच्या. निघतं काय, तर शत्रूचं देशव्यापी वर्तुळ, जे त्यांना आधीच ठाऊक होतं. निराशा. मग पानं उलटी करून मांडली जातात आणि एक दुसरंच, उलटं वर्तुळ समोर येतं.

दुसरी गोष्ट तो स्वतः. 'फादर' नावाचा मुख्य शत्रू देशभरातली किमया एका इशाऱ्यात बंद पाडू शकतो, कारण जमिनीखालून येणाऱ्या ऊर्जेच्या मध्ये त्याने अडसर घातला आहे. एडची किमया बंद पडते. मे चँगची पडत नाही, आणि स्कारचीही नाही, कारण भावाच्या गोंदणात शिंगची विद्या मिसळलेली आहे. उलटं वर्तुळ चालू झालं की तो अडसर निघतो. म्हणजे ज्या भावाच्या मृत्यूचा सूड तो घेत होता, त्याच भावाने सूडापेक्षा उपयोगी काहीतरी त्याच्या अंगावर लिहून ठेवलं होतं.

दोस्त झाला की दुबळा का होतो

ॲनिमेची ही जुनी खोड. खलनायक म्हणून तो हिरोपेक्षा ताकदवान असावा लागतो, नाहीतर भीती कसली? साथीदार म्हणून तसाच ठेवला तर तोच सगळ्यांना लोळवेल आणि हिरो टाळ्या वाजवत बसेल. मग लेखक गुपचूप त्याची हवा काढतो. व्हेजिटाचे चाहते वर्षानुवर्षं हेच रडगाणं गातात, आणि ते खोटं नाही.

स्कारचं तसं होत नाही याचं कारण त्याची ताकद पहिल्यापासून 'किती' मध्ये मोजलेली नव्हती, 'कशी' मध्ये होती. जवळ जा, हात लाव, मोड. म्हणून शेवटच्या दिवशी त्याच्यापुढे अमेस्ट्रिसचा सत्ताधीश किंग ब्रॅडली उभा केला आहे, तलवारबाज, तोही जवळून लढणारा. मस्टँग लांबून आग फेकतो, एड भिंती उठवतो; त्या दोघांची कामं वेगळी. प्रत्येकाला आपापला कुलूपबंद दरवाजा दिला आहे आणि किल्लीही ज्याची त्याची. स्वतः गोष्ट लिहीत असाल तर हे आधी ठरवा: तुमचा खलनायक ज्या कुलपासाठी बनला आहे ते कुलूप वळण येण्यापूर्वीच कथेत दिसलेलं असलं पाहिजे.

सूड माहीत असलेला माणूस

साथीदार झाल्यावरही त्याला गोड करू नये. ५४ व्या भागात मस्टँगच्या समोर एन्व्ही जमिनीवर तडफडत असतो. मस्टँगचा जिवलग मित्र ह्यूजला यानेच मारलं. मस्टँग त्याला तिळातिळाने जाळतोय आणि डोळ्यांत माणूस उरलेला नाही. हॉकआय त्याच्या पाठीवर बंदूक रोखते, एड ओरडतो. आणि स्कार बोलतो. त्याचा सूर असा की सूडासाठी जगलेल्या मला तुला अडवण्याचा अधिकार नाही. पण असा माणूस उद्या देश चालवायला बसला तर कसला देश होईल?

हे वाक्य एडने म्हटलं असतं तर उपदेश झाला असता. स्कार म्हणतो तेव्हा मस्टँगला ऐकावं लागतं, कारण समोरचा माणूस त्याच रस्त्याने शेवटपर्यंत जाऊन आलेला आहे. मस्टँग हा इश्वल जाळणाऱ्यांपैकी एक, म्हणजे स्कारच्या यादीतलाच. त्याला वाचवण्यात स्कारचा काही फायदा नाही. चांगल्या बाजूला आलेला खलनायक चांगल्या लोकांची नक्कल करू लागला की फुकट जातो.

एकच धागा ओढला तर

२००३ च्या ॲनिमेत रॉकबेल डॉक्टरांना स्कारने मारलेलं नाही. हुकुमावरून मस्टँगने मारलं आहे. एवढाच बदल, पण स्कार आणि विन्री यांच्यातला दोर तुटतो, बंदूक जाते, पट्टी जाते. त्या स्कारला ज्याच्यापुढे उभं राहून उत्तर द्यायचं असं माणूसच उरत नाही. तो लिओर गावात हजारो सैनिकांचा बळी घेऊन पारसमणी घडवतो, तो मणी अल्फॉन्सच्या चिलखतात उतरवतो, आणि मरतो. त्या मालिकेची स्वतःची काळोखी ताकद आहे आणि तिचे चाहते ती सोडायला तयार नसतात. पण 'साथीदार' या अर्थाने तो स्कार कधी पूर्ण होत नाही. मरण हा लेखकासाठी स्वस्तातला निकाल असतो: मेला, सुटला, पुढची कटकट मिटली. 'ब्रदरहूड'मधल्या स्कारला मरू दिलं नाही, ही त्याच्यावर केलेली दया वाटत नाही. शिक्षा वाटते, आणि ती बरोबर आहे.

डावा हात

५९ ते ६१ या भागांत स्कार आणि ब्रॅडली लढतात. ब्रॅडली त्याच्याहून सरस, हे उघड आहे. मग स्कार बाही फाडतो. डाव्या हातावर नवं गोंदण. भावाच्या अभ्यासातून घेतलेलं, घडवण्याचं. जमिनीतून टोकदार सुळे उठतात. ज्याने आयुष्यभर दुसऱ्या पायरीच्या पुढे पाय टाकला नाही तो तिसरीवर येतो.

पहिल्यांदा बघताना हे 'नवीन पॉवर आली' म्हणून टाळी घेतं. दुसऱ्यांदा बघताना किंमत दिसते. मोडणं पापात मोडत नाही, ही त्याची एकुलती पळवाट होती. घडवण्याचं गोंदण अंगावर घेणं म्हणजे धर्माने घातलेली रेघ उघडपणे ओलांडणं. ब्रॅडलीही तेवढ्या धामधुमीत नेमकं यावरच बोट ठेवतो. आणि मोडण्याचा हात भावाने दिला होता, बेशुद्धीत, न मागता. डावा हात मात्र त्याचा स्वतःचा आहे आणि त्यावरचं गोंदण त्याने शुद्धीत काढून घेतलं आहे. ब्रॅडली पडल्यावर तोच उलटं वर्तुळ चालू करतो आणि देशभरातल्या किमयागारांच्या हातात किमया परत येते. ज्या किमयागारांना तो वेचून मारत होता, त्यांच्या.

ज्यांना सगळे ६४ भाग परत बघायचे नाहीत आणि नुसता हा धागा बघायचा आहे त्यांनी ४, ५, २२, २३, ३०, ३८, ३९, ५४, आणि ५९ ते ६१ बघावेत. मधलं मार्कोचं प्रकरण सुटतं ते वेगळं शोधा, ते टाळू नका.

लढाई संपल्यावर तो एका बिछान्यावर जागा होतो. सैन्याला वाटतंय तो मेला. माइल्सला तो इश्वल पुन्हा उभं करण्याच्या कामात हवा आहे, त्यासाठी त्याला लपवून आणलं आहे. हाक मारायची तर नाव काय, असं विचारलं जातं. 'स्कार' हे नाव त्याचं नाहीच. कपाळावरच्या व्रणावरून लोकांनी पाडलेलं. खरं नाव २७ खंडांत आणि ६४ भागांत कुठेच येत नाही, आणि त्या क्षणीही तो ते सांगत नाही. दोनदा मेलेल्या माणसाला नाव कसलं, हवं ते म्हणा, असं म्हणून तो कामाला लागतो.